एकाच गोत्रांतील दोन मोटारी

सुशिक्षित कुटुंबांतून हल्लीं मोटारीचा विषय निघाला म्हणजे ‘घ्यावी कीं न घ्यावी’ असा वाद पूर्वींसारखा होत नाहीं. वाद होतो तो ‘कोणती घ्यावी’ ह्याचा. त्यांतहि अलीकडे एक नवा प्रकार आमच्या दृष्टोत्पत्तीस येऊं लागला आहे. घरांतील वडील मंडळींना गाडी ऐसपैस, दणकट आणि चार माणसांत शोभेल अशी हवी असते. तरुणांना ती चपळ आणि जोमदार हवी असते. आणि ह्या दोन इच्छांचा मेळ घालतां घालतां घर अखेरीस दोन गाड्यांपाशीं येऊन अडतें. एक स्कोडाची ‘स्लाव्हिया’ आणि दुसरी फोक्सवागनची ‘व्हर्टस जी. टी.’. मग काका एका पक्षास, पुतण्या दुसऱ्या पक्षास, आणि जेवणाच्या पंक्तींत पंधरा-पंधरा दिवस दुसरा विषय नाहीं, अशी स्थिति होते.

अशा घरांसाठीं आजचें हें प्रकरण आम्हीं योजिलें आहे. आमचें म्हणणें प्रारंभींच सांगून टाकतों. ह्या दोन गाड्यांमधील निवड ही दिसते तेवढी मोठी नाहीं. आणि जी निवड खरोखर मोठी आहे, तिजकडे घरांतील कोणाचेंच लक्ष गेलेलें नसतें. वाद चुकीच्या जागीं घातला जातो, आणि त्याचा भुर्दंड मात्र सबंध घरास सोसावा लागतो. हें कसें, तें क्रमाक्रमानें पाहूं.

प्रथम दोघींचें कुळ तपासूं. स्कोडाचें मूळ आजच्या चेक प्रजासत्ताकांतील म्लादा बोलेस्लाव्ह ह्या गांवीं आहे. तेथें १८९५ सालीं लॉरिन आणि क्लेमेंट ह्या दोन भागीदारांनीं सायकलींचा धंदा सुरू केला. त्यांच्या सायकलीचें नांव ‘स्लाव्हिया’ असें होतें, आणि तेंच जुनें नांव आजच्या मोटारीस देण्यांत आलें आहे. त्यांची पहिली मोटार १९०५ सालीं निघाली. फोक्सवागन ही जर्मनीची. तिची स्थापना १९३७ सालची, आणि तिच्या नांवाचा अर्थ ‘लोकांची गाडी’ असा आहे. १९९१ सालीं फोक्सवागननें स्कोडांत भागीदारी घेतली आणि २००० सालीं ती सर्वस्वीं आपल्या ताब्यांत आणली. तेव्हां बाजारांत ज्यांस आपण दोन प्रतिस्पर्धी कंपन्या समजतों, त्या वस्तुतः एकाच घरांतील दोन चुली आहेत.

आणि हें घर आपल्यापासून फार दूर आहे असेंहि नाहीं. पुण्याजवळ चाकण येथें फोक्सवागनचा कारखाना २००९ सालीं सुरू झाला. २०१० सालीं आलेली ‘व्हेंटो’ आणि २०११ सालीं आलेली ‘रॅपिड’ ह्या तेथल्याच. त्याहि परस्परांच्या सख्ख्या बहिणीच होत्या. पुढें २०१८ सालीं ह्या समूहानें भारतासाठीं एक अब्ज युरो खर्चाची नवी योजना जाहीर केली आणि तिचीं सूत्रें स्कोडाच्या हातीं दिलीं. त्या योजनेंत भारतीय रस्त्यांस व भारतीय खिशास मानवेल असा एक सांगाडा तयार करण्यांत आला. त्यावर २०२१ सालीं दोन उंच गाड्या आल्या, आणि त्यांच्यामागून स्लाव्हिया २०२२ च्या फेब्रुवारीअखेर व व्हर्टस त्याच वर्षाच्या जूनमध्यें बाजारांत उभी राहिली. ज्या रस्त्यानें आपण नाशिकला किंवा भीमाशंकरला जातों, त्या रस्त्यालगतच्या एकाच कारखान्यांतून ह्या दोघी बाहेर पडतात.

आतां दोघींच्या पत्रिका शेजारी मांडूं. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर दोघींचें २,६५१ मिलिमीटर. रुंदी दोघींची १,७५२ मिलिमीटर. मागची डिकी दोघींची ५२१ लिटरांची, आणि पेट्रोलची टाकी दोघींची ४५ लिटरांची. गाडी रिकामी असतां पोटाखालची उंची दोघींची १७९ मिलिमीटर. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक व मागच्या चाकांना ड्रम ब्रेक, हीहि व्यवस्था दोहोंकडे सारखीच. लांबी मात्र व्हर्टसची ४,५६१ आणि स्लाव्हियाची ४,५४१ मिलिमीटर. म्हणजे अंतर जेमतेम एका बोटाचें!

इंजिनांचीहि तीच कथा. दोघींत दोन इंजिनें मिळतात. धाकटें ९९९ घनसेंटिमीटरांचें, तीन सिलिंडरांचें, ११५ अश्वशक्तीचें; थोरलें १,४९८ घनसेंटिमीटरांचें, चार सिलिंडरांचें, १५० अश्वशक्तीचें. चाकें फिरविण्याचा जो जोर, ज्यास टॉर्क म्हणतात, तो धाकट्याचा १७८ आणि थोरल्याचा २५० न्यूटन-मीटर आहे. बोनेट उघडून आणि नांव झांकून ठेवून विचारलें, तर ‘हें इंजिन कोणत्या गाडीचें?’ ह्याचें उत्तर भल्याभल्यांना देतां येणार नाहीं.

सुरक्षिततेच्या बाबतींतहि दोघी समान आहेत. ‘ग्लोबल एन्कॅप’ ह्या संस्थेनें २०२३ च्या एप्रिलमध्यें त्यांच्या धडकेच्या कसोट्यांचा निकाल प्रसिद्ध केला. दोघींना मोठ्या माणसांच्या संरक्षणासाठीं ३४ पैकीं २९.७१ आणि लहान मुलांच्या संरक्षणासाठीं ४९ पैकीं ४२ असे सारखेच गुण मिळाले, आणि दोन्ही बाबतींत पांच-पांच तारे पदरीं पडले. ज्या घरांत नातवंडें आहेत त्यांनीं हा दुसरा आंकडा विशेष लक्षांत ठेवावा. तात्पर्य, ‘अमुक गाडी दणकट, तमुक पत्र्याची’ हें जें विधान दोहों पक्षांकडून छातीठोकपणें केलें जातें, त्यास कांहींहि आधार नाहीं.

मग भेद कशांत आहे? मुख्यतः वेषांत. व्हर्टसच्या जी. टी. प्रकारांत लाल रंगविलेले ब्रेकचे पकड, जागोजागीं जी. टी. ची चिन्हें, आंत लाल शिवण आणि लाल प्रकाशरेषा असा थाट आहे. मुद्रा करारी, ठेवण सरळ रेषांची. स्लाव्हियाचा वेष मूळचा सौम्य: चकचकीत पट्ट्या, दोन आऱ्यांचें स्टिअरिंग, आंत फिकट आणि काळ्या रंगांची संगति. परंतु हा भेदहि टिकला नाहीं. २०२४ च्या सप्टेंबरमध्यें स्कोडानें लाल-काळ्या पेहरावाची ‘मोंते कार्लो’ स्लाव्हिया आणली, आणि लगेच पुढल्या महिन्यांत फोक्सवागननें ‘जी. टी. प्लस स्पोर्ट’ ही अधिक काळी व्हर्टस आणली. एकीनें शालू नेसला म्हणून दुसरीनेंहि नेसावा, तसाच हा प्रकार झाला.

आणि पैशांचें काय? आरंभींचे शोरूमचे भाव आमच्यापुढें आहेत. थोरलें इंजिन व ऑटोमॅटिक गिअर असलेली स्लाव्हिया १७ लाख ७९ हजारांस होती, आणि तशीच व्हर्टस १७ लाख ९१ हजारांस. अंतर बारा हजारांचें! उलट स्लाव्हियाच्या एकाच प्रतींत, हातानें बदलावयाच्या गिअरचें धाकटें इंजिन १३ लाख ९९ हजारांस आणि थोरलें १६ लाख १९ हजारांस होतें. अंतर दोन लाख वीस हजारांचें! तेव्हांपासून भाव अनेकवार बदलले, सप्टेंबर २०२५ मध्यें जी. एस. टी. चे दर बदलले तेव्हां ते पुन्हां बदलले, आणि दुकानांत आज जो आंकडा सांगतील तोच खरा. परंतु प्रमाण पाहावें. ज्या नांवावरून घरांत पंधरा दिवस वाद चालतो, त्याची किंमत बारा हजार. आणि ज्या इंजिनाविषयीं ‘तें काय, मोठेंच घेऊं!’ असें म्हणून एका क्षणांत निकाल लागतो, त्याची किंमत दोन लाखांवर. वाद चुकीच्या जागीं घातला जातो असें आम्हीं म्हटलें, तें ह्यामुळेंच.

तेव्हां खरी निवड इंजिनाची आहे. दोन्ही इंजिनें टर्बो जातीचीं आहेत. पेट्रोल जळून बाहेर पडणाऱ्या वायूच्या झोतावर एक लहान चक्र फिरतें, आणि तें बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत कोंडतें. हवा अधिक मिळाली म्हणजे पेट्रोलहि अधिक जाळतां येतें, आणि लहान इंजिनाकडून मोठ्याचें काम होतें. थोरल्या इंजिनांत आणखी एक युक्ति आहे. सपाट रस्त्यावर हलक्या पायानें गाडी चालली असतां चारांपैकीं दोन सिलिंडर आपोआप बंद होतात, आणि पाय दाबतांच पुन्हां कामास लागतात. ह्यामुळें सरकारमान्य कसोटींत दोन्ही इंजिनें लिटरमागें साधारण १८ ते १९ किलोमीटरांच्या आसपासच भरतात. प्रत्यक्ष शहराच्या गर्दींत कोणासहि एवढें मिळत नाहीं. पण ‘मोठें इंजिन पेट्रोल पिऊन घर धुऊन नेईल’ ही जी वडिलांची भीति, ती निदान ह्या ठिकाणीं अतिरंजित आहे, हें मान्य केलें पाहिजे.

तरुण पक्षाचें दुसरें एक म्हणणेंहि न्याय्य आहे, मात्र तें बहुधा चुकीच्या शब्दांत मांडलें जातें. ‘ही गाडी सुमारें नऊ सेकंदांत शंभराचा वेग गांठते’ असें पुतण्यानें सांगितलें कीं काकांच्या कपाळास आंठ्या पडतात. आणि तें साहजिकच आहे. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर सपाटीला मोटारींस ताशीं १०० किलोमीटरांची मर्यादा आहे. समृद्धि महामार्गावर १२० ची. हा वेग धाकटें इंजिनहि सहज गांठतें. मग १५० अश्वशक्ति कशास? उत्तर कमाल वेगांत नाहीं. तें दुसऱ्या गाडीच्या पुढें जाण्यांत आणि घाट चढण्यांत आहे.

कोंकणांतील किंवा देशावरील दुपदरी रस्ता डोळ्यांपुढें आणावा. गाडींत पांच माणसें, डिकींत गणपतीसाठीं गांवीं न्यावयाचें सामान. म्हणजे गाडीच्या वजनांत तीन-चारशें किलोंची भर. पुढें एक लांब ट्रक मंदगतीनें चालला आहे आणि आपणांस त्याच्या पुढें जावयाचें आहे. सुरक्षितपणें पुढें जाऊन आपल्या बाजूस येण्यास ट्रकपेक्षां पन्नास मीटर अधिक अंतर कापावयाचें आहे असें धरूं. आपला वेग त्याच्यापेक्षां ताशीं वीस किलोमीटरांनीं अधिक असला तर ह्यास नऊ सेकंद लागतात. तीस किलोमीटरांनीं अधिक असला तर सहा. हे तीन सेकंद थोडे वाटतात खरे. परंतु आपण आणि समोरून येणारी बस दोघेहि ताशीं ऐंशींच्या वेगानें परस्परांकडे धांवत असतांना, तीन सेकंदांत दोघांमधील अंतर सुमारें १३० मीटरांनीं घटतें. जोमदार इंजिनाचें खरें मोल ह्या १३० मीटरांत आहे. हें गणित पुतण्यानें काकांपुढें मांडावें. नऊ सेकंदांची फुशारकी मारूं नये.

पण ह्याच गणितास दुसरीहि बाजू आहे, आणि ती काकांनीं पुतण्यापुढें मांडावी. वेग दीडपट झाला कीं गाडींतील धडकेची ऊर्जा दीडपट होत नाहीं. ती सव्वादोनपट होते. ऐंशींवरून एकशेंवीसवर जाणें म्हणजे ब्रेकवर, टायरांवर आणि माणसांच्या हाडांवर सव्वादोनपट भार घालणें होय. ताशीं शंभरांच्या वेगानें धांवणारी गाडी, चालकाच्या मनांत ‘ब्रेक लावावा’ हा विचार येऊन पाय हालेपर्यंतच्या एका सेकंदांत २८ मीटर पुढें गेलेली असते. जोमदार इंजिनाचा धोका असा कीं, तो वेग अंगास जाणवत नाहीं. धाकटें इंजिन जोर लावतांना आवाज करून चालकास सावध करतें. थोरलें निमूटपणें शंभर ओलांडतें. जो चालक घरच्या माणसांना घेऊनहि ट्रकच्या पुढें जाण्यासाठीं वाट पाहूं शकत नाहीं, त्याच्या हातीं १५० अश्वशक्ति दिल्यानें तो सुरक्षित होत नाहीं. तो अधिक धाडसी मात्र होतो.

तेव्हां आमचें मत असें: ज्या घराची गाडी वर्षांतून अकरा महिने कोथरुड ते कॅम्प किंवा दादर ते पार्लें एवढीच धांवणार, त्या घरानें धाकट्या इंजिनावर समाधान मानावें आणि दोन लाख रुपये मुलांच्या शिक्षणासाठीं किंवा वडिलांच्या औषधपाण्यासाठीं राखून ठेवावे. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. उलट ज्या घराचे दर महिन्यास भरल्या गाडीनें घाट ओलांडणें होतें, आणि ज्या घरचा चालक संयमी आहे, त्यानें थोरलें इंजिन घ्यावें. त्याची किंमत वसूल होईल. परंतु ‘कधींतरी लागेल’ म्हणून घेतलेला जोर बहुधा जेथें लागूं नये तेथेंच वापरला जातो.

दुसरी खरी निवड गिअरची. थोरल्या इंजिनाबरोबर सात गिअरांची, दोन क्लचांची, आपोआप गिअर बदलणारी योजना मिळते, तिला डी. एस. जी. म्हणतात. एक क्लच चालू गिअर धरून असतांना दुसरा पुढचा गिअर तयार ठेवतो, म्हणून बदल डोळ्यांचें पातें लवतें न लवतें तोंच होतो. मोकळ्या रस्त्यावर ही योजना फार सुखद आहे. परंतु ह्या गाड्यांतील हे क्लच कोरड्या जातीचे आहेत, तेलांत बुडालेले नाहींत. म्हणून मुंगीच्या पावलानें सरकणाऱ्या रहदारींत ते घांसत राहतात आणि तापतात. ज्यांना रोज तास-तासभर अशा गर्दींत बसावें लागतें, त्यांनीं गाडी इंच-इंच सरकवूं नये. पुढें पुरेशी जागा होऊं द्यावी, मग निघावें, आणि लगेच ब्रेकवर पूर्ण थांबावें. धाकट्या इंजिनाबरोबर जो सहा गिअरांचा ऑटोमॅटिक मिळतो तो जुन्या घडणीचा, द्रवाच्या माध्यमांतून जोर पोंचविणारा आहे. तो बदलास थोडा सावकाश, पण गर्दींत सोशीक आहे. शहरांतल्या घरास हा भेद लाल पट्ट्यांहून शतपट महत्त्वाचा आहे.

हातानें गिअर बदलण्याची ज्यास हौस आहे त्याच्यासाठीं एक जुनी हकीकत सांगण्यासारखी आहे. २०२२ सालीं स्लाव्हियाच्या थोरल्या इंजिनास हातगिअर प्रारंभापासून मिळत होता, व्हर्टस जी. टी. स मात्र प्रथम केवळ डी. एस. जी. च होता, आणि हातगिअर २०२३ सालीं आला. असे भेद मधूनमधून उत्पन्न होतात आणि नाहींसेहि होतात. म्हणून आपणांस हवें तें इंजिन, हवा तो गिअर आणि हवी ती प्रत, ह्या तिन्ही गोष्टी एकत्र आज कोणत्या दुकानांत मिळतात, हें लेखी विचारून घ्यावें. पुष्कळदां निवडीचा प्रश्न येथेंच सुटतो.

आतां मागल्या आसनाकडे वळूं. कारण एकत्र कुटुंबांत गाडी विकत घेणारा पुढें बसतो, आणि जिच्यासाठीं ती घेतली असें सांगतो ती आई मागें बसते. ह्या दोन्ही गाड्या ठेंगण्या घडणीच्या आहेत. पाय सोडावयास मागें जागा उत्तम आहे. परंतु आंत शिरतांना वांकावें लागतें, आणि बाहेर येतांना गुडघ्यांवर जोर देऊन उठावें लागतें. संधिवात असलेल्या माणसास हें कठीण जातें. मधोमध जमिनीवर एक उंचवटा आहे, आणि १,७५२ मिलिमीटर रुंदींत मागें तीन मोठीं माणसें दाटीनेंच बसतात. दोन मोठीं आणि एक मूल, असा हिशोब धरावा. ज्या घरांत रोज मागें तिघे प्रौढ बसणार आहेत, त्यांनीं ह्या दोघींपैकीं कोणतीच घेऊं नये, हेंच आमचें प्रामाणिक सांगणें आहे. जोमदार इंजिन गुडघ्यांना उपयोगी पडत नाहीं.

मागें बसणारानेंहि पट्टा बांधावयाचा असतो, हें येथेंच सांगून ठेवतों. कायद्यानें तो बंधनकारक आहे. तरीहि आपल्या घरांतून वडील मंडळींना ‘तुम्हांला कशाला?’ असें म्हणून सूट दिली जाते. ही सूट प्रेमाची नव्हे. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत एका नामांकित उद्योगपतींचा मोटार-अपघातांत अंत झाला; ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनीं पट्टा बांधला नव्हता, असें पोलिसांनीं सांगितलें. ती गाडी ह्या दोघींहून कितीतरी महाग होती. पांच तारे गाडीला मिळतात. पट्टा न बांधणाऱ्यास ते लागू होत नाहींत.

राहतां राहिला दुरुस्तीचा प्रश्न. दोघींचे सुटे भाग पुष्कळ अंशीं एकच असले, तरी दुकानें आणि सर्व्हिस सेंटरें वेगळीं आहेत, आणि एका गांवांत जें सेंटर चांगलें तें दुसऱ्या गांवांत तसेंच असेल असा नियम नाहीं. टर्बो इंजिनास योग्य प्रतीचें तेल वेळेवर लागतें, डी. एस. जी. स जाणत्या हाताची गरज असते. म्हणून पुण्याच्या किंवा मुंबईच्या बातम्यांवर न विसंबतां, आपल्या सांगलींत, नाशकांत, अमरावतींत किंवा पणजींत दोन्ही सेंटरांत प्रत्यक्ष जाऊन यावें. तेथें काम करून घेणाऱ्या चार गिऱ्हाइकांशीं बोलावें. वार्षिक सर्व्हिसचा खर्च, टायरांची किंमत आणि विम्याचा हप्ता कागदावर मागून घ्यावा. सख्ख्या बहिणींत निवड करतांना माहेर जवळ कोणाचें, हाच प्रश्न पुष्कळ वेळां निर्णायक ठरतो.

गाडी चालवून पाहण्याविषयींहि दोन शब्द. दुकानदार जो गुळगुळीत रस्ता दाखवितो त्यावर सर्वच गाड्या गुणी असतात. दोन्ही गाड्या एकाच दिवशीं, लागोपाठ, आपल्याच गल्लींतून, आपल्याच सोसायटीच्या उतारावरून आणि आपल्याच ओळखीच्या गतिरोधकावरून न्याव्या. एकदां एकट्यानें चालवावी, आणि एकदां सर्व मंडळींना बसवून. कारण भरली गाडी खालीं बसते आणि १७९ मिलिमीटरांची उंची तेव्हां कमी होते. ज्या गतिरोधकावर रिकामी गाडी सुखानें गेली, तेथें भरलेली घासते कीं काय, हें गाडी घेण्यापूर्वींच कळलेलें बरें. घरांतील जी सून किंवा मुलगी रोज ती गाडी कचेरीस नेणार, तिनेंहि ती चालवून पाहावी. जो सर्वांत अधिक चालविणार त्याचा पाय क्लचवर नीट पोंचतो कीं नाहीं, ह्याचा निर्णय दुसऱ्या कोणी करूं नये.

ह्या सर्वांचा क्रम आम्ही असा लावूं. पहिल्या दिवशीं मागें कोण बसणार हें ठरवावें. त्यावरून ह्या जातीची गाडी घ्यावी कीं नाहीं हें ठरेल. दुसऱ्या दिवशीं गेल्या वर्षींचे प्रवास आठवून लिहून काढावे. त्यावरून इंजिन ठरेल. तिसऱ्या दिवशीं रोजची रहदारी पाहावी. त्यावरून गिअर ठरेल. चौथ्या दिवशीं सर्व्हिस सेंटर पाहावें. एवढें झाल्यावर दोघी अजूनहि समसमान उरल्या, तर मग रंग, रेषा आणि नांव ह्यांची पाळी येते. आणि तेथें मात्र वडिलांनीं आपला हक्क आनंदानें सोडावा. ज्यास करारी चेहरा आवडतो त्यानें व्हर्टस घ्यावी, ज्यास सौम्य आवडतो त्यानें स्लाव्हिया घ्यावी. कोणतीहि घेतली तरी घराची हानि नाहीं, कारण आंतील हाडें एकच आहेत.

शेवटीं एक गोष्ट उरते, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. एकत्र कुटुंबांतील मोटार बहुधा सामाईक पैशांतून येते. त्या पैशांत ज्यांनीं आयुष्यांत कधीं स्टिअरिंग धरलें नाहीं अशांचाहि वांटा असतो. म्हणून गाडीची किल्ली तरुणाच्या हातीं देण्यापूर्वीं घरानें कांहीं नियम एकमतानें ठरवावे: रस्त्यावर लिहिलेली मर्यादा तीच घरची मर्यादा, पट्टा बांधल्याशिवाय चाक हालावयाचें नाहीं, रात्रीचा लांबचा प्रवास एकट्या चालकानें करावयाचा नाहीं, आणि मागें बसलेल्यांपैकीं कोणीहि ‘जरा हळू’ म्हटलें तर वाद न घालतां पाय उचलावयाचा. हे नियम ज्यास मान्य असतील, त्यास काकांनीं थोरल्या इंजिनाची गाडी खुशाल घेऊन द्यावी. ज्यास ते मान्य नसतील, त्यास धाकट्या इंजिनाचीहि देऊं नये.